पाय धुवायचं पाणी

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि त्या उन्हाळ्यात मी शेतकरी झालो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाची सुट्टी.

आमचं क्वार्टर ऊर्जानगरात. वडील वीज केंद्रात, शिफ्ट ड्यूटी. शेती म्हणाल तर गॅलरीत एक तुळस होती आणि तिलाही पाणी आईच घालायची. पण मूल रोडला एक रिसॉर्ट नवीन निघालं होतं आणि त्यांना सुट्टीपुरती कॉलेजची पोरं हवी होती. पाण्याच्या घसरगुंड्या, एक आकाशपाळणा आणि दारात सिमेंटचा वाघ. त्याच्या जबड्यातून आत शिरायचं. तासाभरावर ताडोब्यात खरे वाघ पडले होते, पण लोक याच्याच दाताला टेकून फोटो काढत. हा कधी दगा देत नसे, हेही खरंच.

सगळ्यात मागे ‘आपलं खेडं’ होतं. चार झोपड्या, एक बैलगाडी, एक विहीर. बैल पहिल्या आठवड्यात होते, पण ते नको तिथे शेण टाकतात म्हणून परत पाठवले. मॅनेजर साहेब मुंबईकडचे. त्यांनी खेडी पाहिलेली होती, पण सिनेमात. खेड्यातला माणूस फेटा बांधतो, भाकरी खातो आणि ‘आवं पावणं’ म्हणतो, हे त्यांचं पक्कं मत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, सकाळी भात, संध्याकाळी भात, डोक्याला दुपट्टा आणि बोलणं ‘काऊन गा, कुठी चालला?’ असं. ते त्यांनी दोन दिवस ऐकलं आणि म्हणाले, “हे गावरान वाटत नाही.” मग आम्हाला गावरान बोलायला शिकवण्यात आलं.

या खेड्यात मी घरचा थोरला मुलगा. तिकीटवाला पाहुणा अंगणात आला की तांब्यातून त्याच्या पायांवर पाणी घालायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचं, “आवं पावणं, लई दमला असाल. पाय धुवा की!” निघताना, “पुन्हा या बरं का!” त्या उन्हाळ्यात मी जितके पाय धुतले तितके देवळातल्या पुजाऱ्यानेही धुतले नसतील. बूट-मोजे काढायला लोक कंटाळत, मग बुटावरच पाणी घालावं लागे.

माझी आई आणि बहीण मात्र खऱ्याखुऱ्या खेड्यातल्या होत्या. म्हणजे खेड्यातल्या माझ्या आई-बहिणीचं काम करणाऱ्या. सख्ख्या मायलेकी, रिसॉर्टच्या भिंतीमागच्या गावच्या. घरचा धनी गावच्या तलावात मासे मारायचा. मायला आम्ही सगळे बाई म्हणायचो. जन्मभर भात रांधलेल्या बाईला चाळिशी उलटल्यावर रिसॉर्टात भाकरी शिकावी लागली. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या कुत्र्यांनी हुंगून सोडून दिल्या. पोरीने बारावीची परीक्षा दिली होती. तिचं काम लोकांसमोर उखळात धान कांडायचं. ते ती झक्क करायची, पण साहेबांची भाषा बोलायला तयार नव्हती. “मले नाई जमत ते. तोंड वाकडं होते,” म्हणायची. साहेबांनी डोकं आपटून पाहिलं आणि शेवटी तिला ‘लाजाळू मुलगी’ ठरवून मोकळे झाले.

लाजाळू कसली, जीभ नुसती कातरीसारखी! मी मुसळ हातात घेतलं की म्हणायची, “ठेव बावा खाली. पायावर पडलं तर तुझ्या मायले का सांगू?”

त्या महिन्यात तिचं लग्न जुळत होतं. पोरगा सिंदेवाहीचा, तिथल्या भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर. लग्नानंतर सिंदेवाहीच्या कॉलेजात शिकू देऊ, असं त्याच्या मामाने म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर पोरीचा जीव अडकला होता. मला तिने कोणत्या विषयाला किती पुस्तकं लागतात तेही विचारून ठेवलं होतं. अडचण एकच. आधीचं एक स्थळ ‘पोरगी हॉटेलात काम करते’ म्हणून मोडलं होतं. रिसॉर्ट म्हणा, खेडं म्हणा, लोकांच्या लेखी ते हॉटेलच. म्हणून यंदा बाईने कामाचा विषयच काढला नव्हता. पाहुणे गुरुवारी येणार होते. मायलेकींनी गुरुवारची सुट्टी मागून घेतली होती. घर सारवून तयार होतं.

पाहुणे मंगळवारी आले.

जवळच्या गावात लग्न होतं, म्हटलं जाता-जाता पोरगी पाहून जाऊ, असा त्यांचा साधा हिशेब. कंडक्टरने त्यांना रिसॉर्टसमोर उतरवलं, कारण गावचा स्टॉप तोच. पायवाटेने भिंतीला वळसा घालून ते आमच्या मागच्या फाटकापाशी आले. वॉचमनला त्यांनी बाईचं नाव सांगून विचारलं, कुठी राहते? वॉचमन सरळ माणूस. ज्या बाईचं विचारलं ती त्याला समोर दिसत होती. त्याने बोट दाखवलं, “ते काय, त्या झोपडीत.”

मी अंगणात फेटा बांधून उभा. तिघे जण आले. पुढे धोतरातला वयस्क माणूस, म्हणजे पोराचा बाप, मागे मामा आणि शेवटी नवीन शर्टातला पोरगा. मला वाटलं, आज साधी माणसंही तिकीट काढून आली, बरं झालं. “आवं पावणं, लई दमला असाल. पाय धुवा की!”

बापाने मला खालून वर पाहिलं. “कोण्या गावचा गा तू?”

“ह्योच की आमचा गाव.”

त्याने पाय पुढे केले. तिघांचेही धुतले. त्यांना बूट नव्हते, पाणी नीट पायाला लागलं, मलाही जरा बरं वाटलं. गूळ खाऊन ते खाटेवर बसले. बापाने झोपडी निरखली आणि मामाला म्हणाला, “सारवण पाहा. एक भेग नाई.” भेग कशी असेल? खाली सिमेंट होतं.

तेवढ्यात बाई भाकरीची टोपली घेऊन बाहेर आली, मामाला पाहून थबकली आणि डोक्यावर पदर ओढून तशीच आत वळली. मी मागोमाग गेलो.

“बावा, हे त पाहुने हायेत! पोरीचे!”

“मग घरी न्या की त्यांना.”

“कसं नेऊ? तू पाय धुऊन बसवलास ना त्याईले!”

आमच्याकडच्या खेड्यांत पाय धुऊन बसवलेला सोयरा चहाआधी उठवत नाहीत. उठवला तर सोयरिकही त्याच्यासोबत उठते. मला हे माहीत नव्हतं. मला पाय धुवायचे एवढंच सांगितलं होतं.

आता बोला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! त्यात नागपूरहून एक मोठी सहल आली, कॅमेऱ्यासकट, आणि अंगणात पसरली.

“हे कोण?” पोराच्या बापाने विचारलं.

“आमच्या मामाकडचे,” मी म्हणालो.

“एवढे?”

“गोतावळा मोठा आहे.”

सहलीतल्या एक काकू सरळ खाटेवर त्याच्या शेजारी बसल्या आणि फोटो काढून घेतला. त्याने त्यांना हात जोडून रामराम केला. “किती नॅचरल वाटतात हे!” काकू म्हणाल्या. मग साहेब आले. त्यांनी पाहिलं, तर खाटेवर तीन पाहुणे आणि लाजाळू मुलगी खाली मान घालून चहा आणतेय. मला लांबूनच बोटांनी ‘फार छान’ अशी खूण केली आणि सहलीला मोठ्याने सांगितलं, “मुलगी पाहण्याचा पारंपरिक कार्यक्रम सुरू होतो आहे, शांत राहा!” पोराच्या बापाने मान डोलावली. त्यात त्याला खोटं काहीच दिसलं नाही.

माझं धाबं दणाणलं होतं, पण मनात म्हटलं, निभेल. चहा घेतील, चार प्रश्न विचारतील, बस पकडतील.

“सैपाक येते का बाई?” बापाने पोरीला विचारलं.

“येते.”

त्याची नजर टोपलीवर गेली. “तुमच्या घरी भाकर खातेत?” भात खाणाऱ्याचाच प्रश्न तो. विचारताना जरा काळजीच वाटत होती त्याला.

बाई आतून घाईने म्हणाली, “कधी कधी...”

पोरीने ट्रे खाली ठेवला. “नाई. भातच रांधतो. भाकर या लोकाईले दाखवाले करतो. हे घर आमचं नाई, काका. मी इथी कामाले हाओ. आई बी. आमचं घर भिंतीच्या मागं हाये.”

“अन् हा?” त्याने माझ्याकडे बोट केलं.

“तो ऊर्जानगरचा. बी.कॉम. शिकून राह्यला.”

सहलीने टाळ्या वाजवल्या.

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! अगं, चहा तरी संपू द्यायचास! नंतर मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, “मंग का जलमभर मामाकडचेच म्हनत बसू?”

पोराचा बाप तसा भला माणूस. त्याने चहा टाकला नाही, पूर्ण प्यायला. मग म्हणाला, “घर दाखवा.”

आम्ही मागच्या फाटकातून निघालो. मला थांब असं कोणी म्हटलं नाही म्हणून मीही गेलो, फेट्यासकट. उन्हाने वाट पांढरी पडली होती. तलाव आटून मधोमध उरला होता. मायलेकी पुढे चालत होत्या, बाई काहीबाही बोलत होती. पोराने वाटेत मला एकच प्रश्न विचारला, “तो पाळणा कितीक उंच जाते?”

घरी पोरीचा बाप जाळं शिवत बसला होता. पाहुणे पाहून गडबडून उठला, आतून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यापाशी वाकून म्हणाला, “या भाऊ. पाय द्या.”

पोराचा बाप अंगणातच थांबला. “पाय त झाले ना धुऊन.”

त्याचे पाय घोट्यापर्यंत धुळीने भरले होते. ते सगळ्यांना दिसत होतं, त्यालाही. पोरीचा बाप तांब्या घेऊन वाकलेला तसाच राहिला. पाहुण्याने उभ्या-उभ्या चार गोष्टी केल्या. यंदा तलाव लवकर आटला, मासोळी कशी निघते वगैरे. मग बसची वेळ झाली. मामा म्हणाला, “कळवतो.” आमच्याकडे ‘कळवतो’ म्हणजे कळलं.

ते गेल्यावर पोरीच्या बापाने तांब्यातलं पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतलं. मला तिथे उभं राहणं असह्य झालं. ते पाणी त्या माणसाच्या पायावर पडायला हवं होतं. मी दिवसभर कोणाच्याही बुटावर ओततो आणि या घरचं मात्र शेवग्याला, हे माझ्या डोक्यातून जाईना. परत येताना फेटा सोडून काखेत मारला. फाटकाशी वॉचमन म्हणाला, “बांध, साहेब फिरून राह्यले.” बांधला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कामावर हजर. साहेबांना कार्यक्रम फार आवडला होता. रोज चार वाजता करू म्हणाले. बाईने पिठाचा हात वर केला आणि म्हणाली, “साहेब, भाकर करतो तेवढं बस झालं.” तिचा चेहरा पाहून साहेबांनी विषय पुन्हा काढला नाही. पोरगी धान कांडत होती. कॉलेजच्या पुस्तकांचं तिने मला परत कधी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

पुढच्या रविवारी तो पोरगा आला. दोन मित्र घेऊन, तिकीट काढून, समोरून, वाघाच्या जबड्यातून. आधी पाळण्यात बसला, मग घसरगुंडीवर भिजला आणि ओल्या केसांनी आमच्या अंगणात आला. आम्हाला पाहून ओळखीचं हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्याला खरंच फक्त पाळणा पाहायचा होता. खाटेवर बसला आणि स्वतःच पाय पुढे केला.

तांब्या माझ्या हातात होता. खरं सांगतो, तो त्याच्या डोक्यात घालायची इच्छा होती.

तिने मुसळ भिंतीला टेकवलं आणि तांब्या माझ्या हातातून घेतला. पदर सारखा केला, वाकली आणि म्हणाली,

“आवं पावणं, लई दमला असाल. पाय धुवा की!”

सुरात, हेलात कुठे काही कमी नाही. साहेबांनी ऐकलं असतं तर धन्य झाले असते. मित्र खो-खो हसले. तोही हसायला लागला, मग तिच्याकडे पाहून थांबला आणि पाय मागे घेऊ लागला. पण पाणी पडायला लागलं होतं. तिने दोन्ही पाय नीट धुतले, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, “पुन्हा या बरं का!”

मग रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

“भरून आन बावा,” ती म्हणाली. “मागं लाइन लागली.”