तिसऱ्या टाक्याला

परक्या देशातल्या त्या रेडिओ केंद्रात त्याला सगळे कात्री म्हणत. नाव ठेवणारे पत्रकारच, त्यामुळे फार डोकं लढवलेलं नव्हतं. मायदेशातून चोरून आलेली रेकॉर्डिंगं कापायची, साफ करायची आणि बातमीत बसवायची, हे त्याचं काम. कुणाचं खोकणं, कुणाचं अडखळणं, मागे रडणारी पोरं, सगळं उडवायचा. कान इतका तिखट की फोनवरचा माणूस बसून बोलतोय की उभा राहून, हे तो बिनचूक सांगे. चेहरा मात्र कायम एरंडेल प्यायल्यासारखा. मायदेशात त्याच्या नावाचं वॉरंट निघालेलं होतं, आणि अकरा वर्षांत त्याने घराचा उंबरा पाहिलेला नव्हता.

घरी आई आणि थोरली बहीण. ही ताई सरकारी इस्पितळात नर्स. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यांच्या खिडकीच्या बरोबर खाली शिंपीमास्तरांचं दुकान. मास्तरांचं मशीन मास्तरांच्याच वयाचं असावं. दोन टाके सरळ घालायचं आणि तिसऱ्याला अडखळायचं. खट, खट, टक. लहानपणी कात्रीने त्या तालावर पाढे पाठ केले. तीनचा पाढा झोपेतही चुकत नसे, बाकीच्यांची मात्र बोंब होती, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

अडीच वर्षांपूर्वी तिथल्या मोठ्या चौकात मोर्चावर गोळीबार झाला. चार मेले, असं सरकारने जाहीर केलं. ताईने घरून फोन करून एकोणचाळीस सांगितले, कारण त्यांच्या पायांना नंबरांच्या चिठ्ठ्या तिनेच बांधल्या होत्या.

"लाव रेडिओवर," ती म्हणाली. "फक्त माझं नाव नको. आणि आवाज ओळखू येता कामा नये, बरं का."

कात्रीने डोळ्यांत तेल घालून ते रेकॉर्डिंग साफ केलं. ताईचा आवाज बाप्यासारखा जाड केला. आईची हाक काढली, नळ काढला, रस्त्यावरचा हॉर्न काढला. खालचं मशीन तेवढं ठेवलं. चुकून नाही, मुद्दाम ठेवलं. ते काढलं की ताईचं बोलणं पाठ करून म्हटल्यासारखं कोरडं वाटे, आणि ठेवलं की एका खऱ्या घरातून कुणीतरी खरं बोलतंय असं वाटे. शिवाय इतक्या वर्षांनी तो आवाज कानावर पडला होता, त्याच्या हातून कापवेना. संपादकीणबाईंनी पाठ थोपटली. "मागचा आवाज ठेवलास, जीव आला बातमीत," म्हणाल्या. आणि हा गाढव खूश झाला.

पाचव्या दिवशी आईने खिडकीतून पाहिलं, की साध्या कपड्यातला एक माणूस मास्तरांच्या दुकानात उभा आहे आणि मास्तर मान वर करून तिच्याच खिडकीकडे बघताहेत. दहा मिनिटांत जिन्यावर बूट वाजले. ताईला चपला घालू दिल्या, एवढीच काय ती मेहेरबानी. ती कुठल्या तुरुंगात आहे, आहे तरी का, हे तेव्हापासून आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.

मास्तरने चहाडी केली, असं आईने गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. गल्लीने मास्तरांना वाळीत टाकलं. तिकडे कुणी बटण लावायलासुद्धा जाईना.

वर्षभराने एका प्रवाशाच्या हाती कात्रीला मास्तरांची चिठ्ठी मिळाली. अक्षर शाळकरी पोरासारखं. "त्या माणसाने फोनवर माझं मशीन ऐकवलं आणि विचारलं, हे कुणाचं. मला वाटलं, दुरुस्तीवाला असेल. मी म्हटलं, माझंच की, तिसऱ्या टाक्याला अडखळतं. मग म्हणाला, वर नर्स राहते का? मी बोललो काहीच नाही, पण मान वर गेली. आईंना एवढं सांगाल का?"

कात्रीने सांगितलं नाही. ताईला नेल्यापासून दर रविवारी तो आईला फोन करी, आई मास्तरांना शिव्या घाली, हा हूं हूं करी. शिव्या देऊन झाल्या की आईचा आवाज जरा मोकळा होई, मग ती दोन घास जेवे. तिला आता आपल्याशिवाय कुणी नाही, खरं कळलं तर ती खचेल, अशी तो स्वतःची समजूत घाली. याला साध्या भाषेत भित्रेपणा म्हणतात.

मग केंद्राने एक कार्यक्रम ठरवला. देशोदेशीच्या पत्रकारांनी आपल्या देशातल्या एका बातमीमागची स्वतःची गोष्ट सांगायची, प्रत्येकाला आठ मिनिटं, रेडिओवर थेट प्रक्षेपण. कात्रीने ताईच्या हिमतीवर चार पानं लिहिली. पानं चांगलीच उतरली होती. त्यात मशीन कुठेच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"तो खालचा चालला एकदाचा," ती म्हणाली. "मशीन हातगाडीवर घालून नेलं आज. गिऱ्हाईकच नाही, तर करतो काय! शनिवारी पुतण्याकडे जाणार म्हणे, कायमचा."

"एकटेच उचलत होते?"

"मग? कोण हात लावणार त्याला?"

आज बोललो नाही, तर तो म्हातारा कपाळावर हा डाग घेऊनच मरणार, हे कात्रीला स्वच्छ दिसलं.

सभागृहात त्याच्याआधी दोघं बोलले. एकीने पुराचे फोटो काढताना छपरावर आपल्याच शाळेच्या बाई दिसल्या, ते सांगितलं. एकाने थेट बातम्या वाचताना पुढच्या ओळीत स्वतःचं गाव आलं, ते सांगितलं. लोक डोळे पुसत होते. कात्री उठला, आणि त्याने चार पानं घडी घालून खिशात कोंबली.

"माझ्या बहिणीला शिंपीमास्तरांनी पकडून दिलं नाही," तो म्हणाला. "मी दिलं." आणि मग त्याने मशीनचं सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. तीन मिनिटांत आटोपलं. टाळी वाजली नाही. संपादकीणबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

बाहेरच्या बोळात येऊन त्याने घरी फोन लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं," आई म्हणाली. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"अरे, तीस वर्षं ऐकत होते मी ते मशीन! बातमी लागली तेव्हाच ओळखलं. ताईनेही ओळखलं. रेडिओ बंद करून मला म्हणाली, त्याला काही बोलू नकोस हं, जिवाला लावून घेईल."

कात्री भिंतीला टेकला. "मग मास्तरांना का?"

"मग कुणाला शिव्या घालायच्या होत्या? तुला? एकच पोर उरलं होतं मला." तिचा आवाज फाटला. "तो म्हातारा रोज जिन्यापाशी यायचा, काहीतरी सांगू बघायचा. मी दार लावून घ्यायचे. त्याने तोंड उघडलं असतं, तर मला ऐकून घ्यावं लागलं असतं."

"आई..."

"आता सगळ्या गल्लीने ऐकलंय. मी खाली जाऊन त्याची माफी मागते. दार उघडलं तर उघडलं. पण तुझ्याशी नाही बोलवत मला. ह्या रविवारी फोन करू नकोस."

"मग कधी करू?"

"ताई घरी आली की कर," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.