पाळण्याचा चौथरा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आणीबाणीच्या आधी मालेगाव रस्त्यावर एका शेठजींनी खेळांची बाग काढली. मी बांधकाम परवान्यांचा कारकून, तो तिथला गवंडी. प्रत्येक वीट थापीने वाजवून तो कान देऊन ऐकायचा. नाही पटली तर "तू घरी जाय, बाई," म्हणत बाजूला ठेवायचा.

मोठ्या आकाशपाळण्याच्या चौथऱ्याला, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून, तीन आठवडे पाणी मारायचं होतं. शेठजींनी नवव्याच दिवशी उद्घाटन धरलं. मी त्यावर अंथरलेलं ओलं गोणपाट त्याला काढायला सांगितलं.

"बाबूजी, कायले घाई करून राह्यले? अजून कच्चा हाय. लेकरं बसतीन यावर."

"परवाना तू देऊन राह्यला का, मिस्त्री?" मी हसलो आणि 'पाणी पूर्ण' अशी नोंद करून शिक्का मारला.

महिन्याभरात चौथरा तडकला, पाळणा कलला, एका मुलीचा हात मोडला. चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळत राहिलो.

"पाणी कमी पडलं, साहेब," एवढंच तो म्हणाला. कोणामुळे, ते बोलला नाही. तालुक्यात त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही.

पुढे शेलूबाजारच्या फाट्यावर तो भेटला. "बाबूजी, च्या घ्या," म्हणत बाकावर सरकला. मी चहा घेतला, त्याच्या तब्येतीचं विचारलं. 'नोंद मी खोटी केली होती, मला माफ कर,' हे तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात एस.टी. आली आणि मी चढलो.