बरणीच्या तळाशी एक नख

मंडळी, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला!

अमळनेरला आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का नेहमी सांगतात, स्वातंत्र्याआधी त्यांचे वडील चाकावर बरण्या घडवायचे आणि ओल्या तळाला अंगठ्याचं नख दाबून आपली खूण करायचे. घरात त्यांच्या हातची एकही बरणी उरलेली नाही, म्हणून नातवंडं नुसती हसतात.

आज सकाळी सावद्याला मैत्रिणीच्या अंगणात लोणच्याची जुनी बरणी वाळत ठेवलेली दिसली. अक्कांमुळे लागलेल्या सवयीने मी ती उलटून पाहिली. तळावर अक्षरं कोरलेली.

"कारागिराचं नाव आहे ते," मैत्रीण म्हणाली.

छे! लग्नकार्यात भांडी घरोघर फिरायची, म्हणून मालक नावं कोरून घ्यायचे. ही अक्षरं झिलईवर ओरखडलेली होती. कारागिराची खूण ओल्या मातीत उमटते, म्हणजे झिलईच्या खाली. मी तेलाचा चिकट थर घासून काढला, आणि अक्षरांच्या शेजारी, झिलईखाली, चंद्रकोरीसारखी खाच!

"संध्याकाळी परत आणते," म्हणत बरणी उचलली आणि थेट अक्कांकडे गेले.

अक्कांनी त्या खाचेत आपलं नख ठेवलं. बरोब्बर बसलं! भट्टीत माती आकसते ना, बापाचं नख लेकीच्या नखाएवढं झालं होतं.

"मना बापनं नख शे हाई," अक्का अहिराणीत म्हणाल्या, हे माझ्या बापाचं नख आहे.

आता मैत्रिणीचा फोन वाजतोय, आणि अक्का बरणी मांडीवरून खाली ठेवत नाहीयेत. सांगा, काय उत्तर देऊ तिला?