केसरआत्याचं अर्धं बोलणं

दयाराम उरणकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा. तीस वर्षं टीव्हीवर राजकीय बातम्या दिल्या त्यानं. किती मंत्र्यांना घाम फोडला, हे कुणी न विचारताच सांगायचा. मी त्याचा कॅमेरामन, हितेश. "आठ सेकंदांच्या वर बाईट ठेवायचा नाही," हा त्याचा खाक्या. बोलणं लांबलं की गाडीतच लॅपटॉपवर कात्री लावायचा, आणि मी शेजारी बसून वडापाव खायचो.

अकरा वर्षांपूर्वी न्हावा शेव्याजवळ गोदामांसाठी जमिनी मागितल्या गेल्या, पण गाव अडून बसलं होतं. घरचं माणूस पटकन बोलतं, म्हणून दयारामनं गावात जाऊन सख्ख्या आत्यापुढेच माईक धरला. केसरआत्या गावची धवलारीण. तिनं धवले गायल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. ती म्हणाली, "आमची हरकत न्हाय, जमीन देव की. पन आदी पोरांना नोकऱ्या लिवून द्या. तवर एक गुंठा मिलायचा न्हाय."

आठ सेकंदांत "जमीन देव की" इथवरच बसलं. दिवसभर तेच चाललं.

आत्या फितूर झाली, असं गावानं ठरवलं. पुढच्या लग्नाला धवलारीण शेजारच्या गावातून आली. आत्या घरोघर जाऊन सांगत फिरली, पण टीव्हीवर तोंड तर तिचंच होतं. "पुरा दाखव रे," म्हणून तिनं दयारामला फोन केला. हा शहाणा म्हणाला, "आते, ती बातमी आता शिळी झाली." पूर्ण रेकॉर्डिंग माझ्या कपाटात होतं. त्याला शहाणा म्हणतोय खरा, पण ते कपाट मीही उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

यंदा दयाराम निवृत्त झाला. गावानं शाळेत सत्कार ठेवला. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "हितेश, ते आत्याचं असेल का रे तुझ्याकडं?"

शाल-श्रीफळ झाल्यावर त्यानं भाषण केलंच नाही. स्पीकरवर आत्याचं सगळं बोलणं ऐकवलं. मग खाली बघत म्हणाला, "कापलं ते मी. आत्याचा काही दोष नव्हता." माझ्याकडंही कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

मग सरपंच विठोबा उठले आणि मागच्या रांगेत बसलेल्या आत्यापुढं हात जोडले. "आते, चुकलो आमी. माज्या पोरीच्या हलदीला धवले तूच गायचे."

"येन की," आत्या म्हणाली. मग ती दयारामकडं वळली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"माज्या नातीचं, प्राप्तीचं लगीन गेल्या साली झालं. सोताचा पोरगा मना बोलला, आये, तू गायलीस तं मांडवान कोन थांबायचा न्हाय. नातीचे धवले मी चुलीपाशी बसून दुसरीच्या तोंडून आयकले, दया. ते मी आता कंदी गायचे?"