तीन बोटांची उडी

मागच्या महिन्यात अमरावतीला एका लग्नात माझा जुना गोलकीपर पंगतीत शेजारीच बसला. आता तो शेंदूरजनाघाटला संत्र्याचा व्यापार करतो. धंद्याबरोबर पोटही वाढलं आहे. समोर त्याची मुलगी बसली होती. तिला कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या निवड चाचणीला जायचं होतं आणि हा फॉर्मवर सही करत नव्हता. मलाच साक्षीला घेऊन तिला म्हणाला, "आपल्या खानदानात उडीच नाही. सरांले इचार. त्याईनंच मोजली होती."

मी जिलेबीकडे बघत राहिलो. मधुमेहामुळे ती मला चालत नाही, तरी बघत राहिलो.

खरं काय झालं ते आता लिहून टाकतो. मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचो. खेळाडूची ताकद मोजायची आमची साधनं साधी होती. जड चेंडू बसल्या जागेवरून फेकायचा, जागेवरूनच लांब उडी मारायची आणि पायांत झटका किती आहे हे बघायला भिंतीपाशी उभी उडी. भिंतीवर मी जमिनीलगत शून्य धरून तेलरंगाने रेघा मारल्या होत्या. आधी नुसतं उभं राहून हात वर करायचा, ते एक माप. मग बोटांना खडू लावून उडी मारायची आणि भिंतीला शिवायचं, ते दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे उडी.

उभ्या माणसाचा हात वर्षभरात काही लांबत नाही, असा विचार करून मी पहिलं माप ऑगस्टमध्येच घेऊन ठेवायचो आणि उडी मार्चमध्ये बघायचो. वेळ वाचवण्याची ही माझी हुशारी.

त्या वर्षी संघात एका गोलकीपरची जागा होती आणि उमेदवार दोन. एक हा पंगतीतला, त्याचं पहिलं माप ऑगस्टचं. दुसरा मुलगा अकोल्याहून वर्षाच्या मध्यात आलेला, म्हणून त्याची दोन्ही मापं मार्चमध्ये एकाच सकाळी घेतली. तो दोन बोटांनी जिंकला. हरलेला म्हणाला, एकदा पुन्हा मोजा. मी सगळ्यांसमोर ऐकवलं की भिंत कोणाच्या नात्यातली नसते. पोरं हसली, तो गेला.

दुसऱ्या दिवशी माझी शिटी भिंतीपाशी पडली. उचलायला वाकलो तर शून्याची रेघ जमिनीपासून तीन बोटं वर. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मला कळलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पोरं उंचावर उभी होती, मार्चमध्ये खड्ड्यात. जुन्या सगळ्यांची उडी तीन बोटांनी कमी भरली होती. पूर्ण भरली ती फक्त अकोलेवाल्याची.

संघाला स्पर्धेला नेणारी गाडी बडनेऱ्याहून सुटायला दोन दिवस होते. पुन्हा मोजायला दहा मिनिटं पुरली असती. मी रंगाचा डबा आणून शून्याची रेघ गुपचूप खाली घेतली. अकोल्याचा मुलगा पुढे चांगला खेळला, आणि त्याचा चांगला खेळ मी वर्षानुवर्षं औषधासारखा घेत राहिलो. शेंदूरजनाघाटच्या पोराने मात्र चेंडूला पुन्हा हात लावला नाही.

लग्नाहून परतल्यावर पहिल्यांदाच हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मले काय सांगून राहिले? म्या मारली होती का उडी?"

म्हणून शेंदूरजनाघाटला गेलो. तो शेडमध्ये संत्री निवडत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"म्हणजे मी एका बोटानं पुढं होतो?"

मी मान हलवली.

"मले नका सांगू, सर. तिले सांगा."

त्याने मुलीला हाक मारली. तिच्यापुढे सगळं पुन्हा सांगितलं. 'चूक कोणाचीही होते,' असं ती म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"आजोबा, दोन दिवस होते ना तुमच्यापाशी? मग काहून नाही मोजलं?"

"लाज वाटली, बेटा. सगळ्यांसमोर लई मोठं बोललो होतो."

 ती घरात जाऊन फॉर्म घेऊन आली आणि संत्र्याच्या खोक्यावर बापापुढे ठेवला. तो खिसे चाचपू लागला. मी माझा पेन काढून दिला. त्याने सही केली. ती फॉर्म घेऊन इतक्या घाईने गेली, जणू बाप मत बदलणार होता.

मी पेनसाठी हात पुढे केला. त्याने तो दिला नाही.

"बसा, सर," तो म्हणाला. "माहं बोलणं बाकी हाय अजून."

मी खोक्यावर बसलो.