ओढलं की घट्ट होणारी पकड

डॉक्टरबाईंनी मला पाठमोरी बसवलं आणि उजव्या कुशीत, कमरेच्या जरा वर, मुठीने हलकेच ठोकलं. मी अशी किंचाळले की बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या सासूबाई धावत आत आल्या.

"हा मलेरिया नाही," बाई म्हणाल्या. "पायलोनेफ्रायटिस आहे. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालाय. सातवा महिना आहे, त्यामुळे आज घरी जायचं नाही."

मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "हे असं कडक कधीपासून होतंय?"

सकाळपासून होत होतं. मला वाटलं होतं, बाळ लाथा मारतंय.

"कळा आहेत या. ताप चढला की गर्भाशय आवळतं. आधी ताप उतरवायचा, नाहीतर बाळ आत्ताच बाहेर येईल. ते फार लवकर होईल."

दोन हजार चारच्या मार्चमधली ही गोष्ट. आम्ही तेव्हा विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात राहत होतो. माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. म्हणून या खेपेला सासूबाई वसईजवळच्या उमेळे गावची वाडी आणि मोगऱ्याचे ताटवे दिरांवर सोपवून माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या. मला उंबऱ्यापाशी ठेचही लागू द्यायची नाही, असा त्यांचा पण होता. आणि घात झाला तो असा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

लघवीला जळजळ होतेय हे ज्या बाया आईलासुद्धा चाचरत सांगतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय.

आपल्याकडे याला उन्हाळी लागणं म्हणतात, आणि नाव पडलं की औषधही ठरतं. उष्णता झालीय, थंड द्या. सासूबाईंनी सब्जा दिला, धण्याजिऱ्याचं पाणी दिलं, वाडीतली शहाळी मागवली. जळजळ कमी झाली. चार दिवसांनी पुन्हा सुरू झाली. मग एका संध्याकाळी अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. थंडी वाजून ताप म्हणजे विरारमध्ये मलेरियाच. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही, तरी गोळ्या दिल्या. लघवीचं त्यांनी विचारलं नाही आणि पुरुष डॉक्टरसमोर सासूबाईंनी तो विषय निघू दिला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. जंतूंचा धडा दरवर्षी घेते. हसायचं असेल तर हसून घ्या.

आमच्या शाळेत शिक्षिकांच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत खिळ्याला. ती घ्यायची तर चार पुरुषांसमोरून जायचं आणि तीच हातात घेऊन परत यायचं. आम्ही बायकांनी त्यावर एक नामी तोड काढली होती. शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायचं नाही. पोटुशी झाले तरी माझी सवय मोडली नव्हती.

मलेरियाच्या गोळ्यांनी ताप हटेना, म्हणून मला वसईला या डॉक्टरबाईंकडे आणलं होतं. त्यांच्या छोट्या रुग्णालयात मला सलाइन लावलं. त्यातून अँटिबायोटिक, कळा थांबवायला वेगळं औषध, आणि बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून दंडात इंजेक्शन. ते कशासाठी हे कळल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले.

लघवी कल्चरला पाठवली. कल्चर म्हणजे त्यातले जंतू बशीत वाढवायचे आणि कुठल्या औषधाने मरतात ते बघायचं. त्याला दोनेक दिवस तरी लागतात. जंतू मारायचे म्हणून ते आधी वाढायची वाट बघत बसायचं, हा न्याय माझ्या काही पचनी पडेना.

दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला. पोट आवळायचं, सुटायचं, पुन्हा आवळायचं. नर्स येऊन बाळाचे ठोके ऐकायची आणि तेवढा वेळ आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहायचो. सासूबाईंनी वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या मागवल्या होत्या. ओल्या फडक्यात केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे ठेवून त्या माझ्या पायाशी गजरा ओवत बसल्या. हात रिकामा राहिला की बाईला वाईट सुचतं, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी डॉक्टरबाई आल्या तेव्हा सासूबाईंनी सरळ विचारलं, "डाक्टरीनबाई, मी हिला एवढा पानी पाजला. धुवून कसा नाय गेला तो जंतू?"

बाईंना घाई होती, तरी त्या थांबल्या.

"त्याच्या अंगावर केस असतात, आजी. पिलाय म्हणतात त्यांना. केस म्हणजे आपल्यासारखे नाहीत, बारीक बारीक तुकडे जोडून केलेले तंतू. जंतू हे तुकडे आत तयार करतो आणि कातडीतल्या भोकातून एकेक बाहेर सारतो. नवा तुकडा बुडाशी जोडला जातो आणि आधीचे पुढे सरकतात. तुमच्या गजऱ्यात पहिली कळी शेवटी टोकाला जाते ना, तसंच. त्या टोकाला पकड असते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर साखरेसारखे काही रेणू असतात, ते ती नेमके ओळखून धरते. मूत्रपिंड धरणारे तंतू वेगळे, त्यांचं टोक वेगळं. हिच्या जंतूकडे दोन्ही असणार."

"आनि पानी?"

"तीच तर गंमत आहे. लघवीचा लोट आला की तंतू स्प्रिंगसारखा उलगडतो, ताण सोसतो, तुटत नाही. आणि मूत्राशयात धरणारं टोक जेवढं ओढाल तेवढं जास्त घट्ट धरतं."

सासूबाईंचा हात गजऱ्यावर थांबला. "म्हंजे मी पानी पाजून त्याला घट्टच करीत होते?"

"नाही हो. सुटे असतात ते पाण्याने वाहून जातात, म्हणून पाणी हवंच. पण जे धरून बसलेत ते औषधाशिवाय सुटत नाहीत."

बाई गेल्यावर सासूबाईंनी आणखी दोन कळ्या ओवल्या. मग म्हणाल्या, "मेला. घर दुसऱ्याचा आनि धरून बसलाय कसा बग!" मला हसू आलं, आणि हसताना पुन्हा पोट आवळलं.

मला त्या जंतूचा राग येत होता आणि हेवाही वाटत होता. त्याला धरून राहता येत होतं. माझ्या बाळाला येईल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. माझं पहिलं बाळ धरून राहिलं नव्हतं. डोळे मिटून मी पोटावर हात ठेवायचे आणि एकच म्हणायचे, धर, सोडू नकोस.

रिपोर्ट आला. ई. कोलाय. आपल्याच आतड्यात राहणारा जंतू, चुकीच्या जागी पोचलेला. आणि मला जे औषध चालू होतं त्याला तो दाद देत नव्हता. बाईंनी रिपोर्ट वाचता वाचताच नर्सला दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं. माझा नवरा ते आणायला चप्पल न घालताच खाली पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाम फुटला. उशी, गाऊन, सगळं चिंब. सासूबाई घाबरून नर्सला हाका मारायला लागल्या. नर्सने थर्मामीटर लावला आणि म्हणाली, "आजी, ताप उतरतोय." दुपारपर्यंत पोट मऊ पडलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशीचा ताजा गजरा माझ्या केसांत माळला. केस आठवडाभर धुतले नव्हते, पण मी माळून घेतला.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. जळजळ झाली तर सब्जा जरूर घ्या, पण लघवीही तपासा, आणि पोटात बाळ असेल तर त्याच दिवशी. कल्चर सांगितलं तर टाळू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. आणि पाणी प्या. आमच्या शाळेतलं ते कुलूप आता नाही. कामावर परतल्यावर पहिल्याच सभेत मी उभी राहिले आणि चार पुरुषांसमोर माझं अख्खं दुखणं सांगितलं. सभा संपायच्या आत किल्ली खिळ्यावरून निघाली.

मुलगी मे महिन्यात झाली, पूर्ण दिवसांची. तिला माझ्या कुशीत दिलं तेव्हा तिने माझं बोट मुठीत धरलं. पदर सारखा करायला मी बोट सोडवू गेले, तशी मूठ आणखी आवळली. पुन्हा ओढलं, तर त्याहून घट्ट.

सासूबाई वाकून बघत होत्या. "नको ओडू," त्या म्हणाल्या. "धरू दे तिला."

मी बोट तसंच राहू दिलं.