नवव्या दिवसाचं पातेलं

ओतिलिया नोरालेस खोडांची मोळी बांधायला बसली आणि तिचे हात थांबले. सकाळी घरामागच्या वाफ्यातून तिनं गोडा कसावा उपटला होता आणि सोललेल्या कंदांची टोपली हुस्तिनाच्या घरी पोचवली होती. हुस्तिनाच्या नवऱ्याला जाऊन आज नववा दिवस. सगळं गाव तिथंच जेवणार होतं. आता पुन्हा लावायला खोडं निवडावीत, तर त्यात दोन कडव्या कसाव्याची निघाली.

मग तिला आठवलं. गेल्या वर्षी वाफ्यात दोन जागा मोकळ्या होत्या, आणि शेतातून उरलेल्या काड्या तिनंच तिथं खोचल्या होत्या. जागा वाया कशाला घालवायची, म्हणून.

गोडा कसावा नुसता उकडून खातात. कडव्यात विष असतं. तो किसायचा, रुगुमा म्हणतात त्या लांब विणलेल्या नळीत भरून रात्रभर पिळायचा, मगच त्याची एरेबा, म्हणजे पातळ भाकर, भाजायची. सोलल्यावर दोन्ही सारखेच पांढरे. ओळख सगळी खोडात. चाळीस वर्षं ओतिलिया एरेबा विकून जगत होती, आणि आपल्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखलं नाही, हे दिवसाआड सगळ्यांना ऐकवत होती. बाईला गर्व होता, खोटं कशाला बोला.

चार कंद किडके म्हणून तिनं सकाळीच खाडीत फेकले होते. कडवे त्यातच गेले असतील? छातीठोकपणे सांगता येईना. आणि पातेल्यात कंद पाच घरांचे होते. गप्प बसलं तर नाव कुणाचं येणार? हा विचार मनात आला मात्र, ती स्वतःलाच शिवी हासडून वाळूतून अनवाणी पळत सुटली.

हुस्तिनाच्या अंगणात पोरं आधी जेवायला बसली होती. मेलेल्याचा भाऊ मार्सेलिनो पातेल्यात नारळाच्या दुधातला मासळीचा आणि कंदांचा रस्सा ढवळत होता.

"वाढू नकोस," ओतिलिया धापा टाकत म्हणाली.

"का गं मावशी, मीठ राहिलं?"

"माझ्या कंदांत कडवा असेल. ओतून दे सगळं."

"असेल, की आहे?"

"ठाऊक नाही."

मार्सेलिनोचा चेहरा उतरला, मग तापला. "तीन होड्यांची मासळी आहे यात. भावाच्या नवव्याला लोकांना उपाशी धाडू? तुला ठाऊक नाही म्हणून?"

"चाखून बघू की," मागून एक म्हातारा म्हणाला.

"माझ्या आईच्या वेळी एकानं चाखला होता," ओतिलिया म्हणाली. " गोड लागला म्हणाला. संध्याकाळी पुरला त्याला."

तरी मार्सेलिनोनं पळी वाडग्याकडे नेली. ओतिलियानं पदराचा बोळा करावा तसा झग्याचा घोळ हाताला गुंडाळला आणि पातेलं आडवं केलं. रस्सा तिच्या पावलावरून वाळूत गेला. बायका ओरडल्या. कोंबड्या धावल्या, तशी ती त्यांना हाकलत पायानं वाळू लोटू लागली.

"खाऊ दे त्यांना," मार्सेलिनो दातओठ खात म्हणाला. "तेवढंच कळेल तरी."

"कोंबड्या हुस्तिनाच्या आहेत."

मग ती लंगडत घरी गेली आणि शनिवारच्या बाजारासाठी भाजलेली सगळी एरेबा उचलून घेऊन आली. टोपली मधोमध ठेवली. कुणाचाही हात पुढे आला नाही. कडव्या कसाव्याचीच भाकर ती, आणि तीही हिच्या हातची. पोरंसुद्धा आयांकडे बघत राहिली. चाळीस वर्षांची आपली पुण्याई एका घटकेत संपली हे तिला कळलं, आणि ती घाबरली. पाऊल भाजतंय याचंही भान तिला राहिलं नाही.

नऊ दिवस जेमतेम बोललेली हुस्तिना पायरीवरून उठली. तिनं एक एरेबा मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश चावून गिळला. दुसरा तुकडा तिनं दिरापुढे धरला.

मार्सेलिनोनं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "नीट पिळलंयस ना, मावशी?"

"पिळलंय," ओतिलिया म्हणाली. "हे ठाऊक आहे मला."

त्यानं तुकडा खाल्ला आणि टोपली पोरांकडे सरकवली.